टाका सुटता कामा नये

८ जानेवारी, बुधवार

काम मिळालं. तीन महिन्यांनी हे दोन शब्द लिहितेय तर अक्षर बघा कसं वाकडं येतंय.

मुंगीला बॅलेच्या वर्गातून आणायला गेले होते. बाईंनी दारातच थांबवलं. म्हटलं पोरीनं काय केलं? बाई साठीच्या असतील, पण त्यांची पाठ अशी ताठ की त्यांच्यासमोर मीही आपोआप ताठ उभी राहते.

"तुम्ही शिवणकाम करता ना?"

"दुकानात होते," म्हटलं. चौदा वर्षं कपड्यांच्या दुकानात बदलकामाच्या टेबलावर बसले. पँटची लांबी, झिपा, उसवलेल्या कॉलरी. मग एके दिवशी मालकांनी शटर ओढलं ते ओढलंच.

"या वर्षी अकरा मुली पहिल्यांदा टोकावर उभ्या राहणार आहेत. तुमची मुलगी धरून. त्यांच्या बुटांना रिबिनी नि इलॅस्टिक लावायचंय. आया घरी लावतात तेव्हा कुणी मशीन मारतं, कुणी डिंकानं चिकटवतं. मुलगी अंगठ्याच्या टोकावर असते आणि त्यात टाका सुटला तर पाय गेला. टाका सुटता कामा नये."

"नाही सुटणार," म्हणाले. कुठून आला एवढा धीर कोण जाणे. रस्ता ओलांडेपर्यंत संपलाही.

मुंगीला सांगितलं तर तिनं माझा हात असा गच्च धरला की बांगडी रुतली. "म्हणजे तू आता रोज काहीतरी करणार?" म्हणाली. बारा वर्षांची झाली, पण बोलते अजून अशीच, अर्धवट.

१० जानेवारी, शुक्रवार

बावीस बूट टेबलावर ओळीनं मांडलेत. फिक्या गुलाबी सॅटिनचे, इतके देखणे की हात लावायला भीती वाटते.

मामंजींनी एक हातात घेतला. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे बूट-चपला दुरुस्त केल्या. आता डोळ्यांना अंधूक दिसतं, पण बोटं अजून तरुण आहेत. पुढचा कडक भाग त्यांनी नखानं वाजवला.

"सूनबाई, हा बूट नव्हे, डबा आहे. खळ आणि कापडाचे थर. यात लेकरांची बोटं भरणार तुम्ही?"

"बोटं भरायची नाहीत मामंजी, त्यावर उभं राहायचं."

"मग तर धन्यच आहे."

काम दिसतं सोपं. टाच आतल्या बाजूला दुमडायची, जिथे घडी पडते तिथे रिबीन, किंचित पुढे झुकलेली. रिबिनीचं टोक मेणबत्तीवर शेकून बंद करायचं, नाहीतर धागे सुटतात. टाचेला इलॅस्टिक, ते घोट्यावरून जाऊन बूट पायाला धरून ठेवतं. सुई फक्त अस्तरातून काढायची, बाहेर सॅटिनवर टाका दिसायला नको. आणि काठातून एक बारीक नाडी जाते, तिच्यात सुई घुसली तर नाडी ओढताच येत नाही, बूट सैल तो सैलच.

माझी सुई पहिल्या तीन बुटांत नाडीतच घुसली. उसवले. चौदा वर्षांचा अनुभव म्हणे.

११ जानेवारी, शनिवार

नेहमीचा दोरा मला काही भरवशाचा वाटेना. ओढून पाहिला, चौथ्या झटक्याला तुटला. मुलगी किती झटके देईल?

वर्गाबाहेर कुरळीच्या आईला विचारलं. कुरळी म्हणजे मुंगीच्या शेजारी उभी राहणारी, डोक्यावर नुसतं जावळ असल्यासारखे केस. तिची आई दातांची डॉक्टर. ती म्हणाली, "अहो, दात साफ करायचा दोरा वापरा. तुटता तुटत नाही. माझे पेशंट तो वापरत नाहीत, निदान बूट तरी वापरतील."

सहा डब्या आणल्या. सगळं घर पुदिन्यानं दरवळतंय.

१२ जानेवारी, रविवार

अकरा जोड्या झाल्या. सगळ्यांत शेवटी मुंगीची घेतली. तिला दुप्पट टाके घातले. दुसऱ्या कुणाचं सुटलं तर चूक होईल, माझ्या लेकीचं सुटलं तर हसं होईल. इलॅस्टिकही बेताबेतानंच कापलं, अंमळ ओढूनच लावलं. पायात घालायला दिलं तर म्हणाली, "घट्ट वाटतंय गं."

"नवीन आहे. वापरलं की सैल होतं."

"बरं."

समजूतदार आहे पोर. एका शब्दात ऐकते.

१५ जानेवारी, बुधवार

आज उभ्या राहिल्या!

मी दाराच्या काचेतून बघत होते. अकराही जणींनी भिंतीवरच्या लाकडी दांड्याला धरलं, बाईंनी टाळी वाजवली आणि सगळ्या एकदम चार बोटं उंच झाल्या. माझे ओठ आपोआप मोजत होते. रिबीन, रिबीन, इलॅस्टिक. एकही टाका हलला नाही. जीव भांड्यात पडला.

मुंगीचा चेहरा लालबुंद झाला होता. आनंदानं असणार. घरी आल्यावर मात्र फार बोलली नाही, पायमोजे घालूनच बसली. पाय गार पडतात म्हणे. थंडी आहेच.

१८ जानेवारी, शनिवार

लिहवत नाही, पण लिहिते.

वर्ग सुरू व्हायच्या आधी बाई बाहेर आल्या. हातात मुंगीचा डावा बूट, त्याचं इलॅस्टिक एका बाजूनं लोंबत होतं. सगळ्या आया बसलेल्या. "हे काय?" एवढंच म्हणाल्या.

 "बघते," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दंतवैद्यीणबाई खाली पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या, माझी लाज माझ्या तोंडावर दिसत असणार.

मुंगीला बाकावर बसून राहावं लागलं. मला वाटलं रडेल. पण नाही, पाय लांब करून निवांत बघत होती. पोरीला माझी केवढी काळजी! आपण रडलो तर आईला अजून वाईट वाटेल, एवढी अक्कल तिला आहे.

१९ जानेवारी, रविवार

सगळ्या अकरा जोड्या परत घरी आणल्या. ह्यांचा फोन आला, गाडी घेऊन चार दिवसांच्या फेरीवर आहेत. म्हणाले, "एकाच बुटाचं सुटलं ना? मग बाकीचे कशाला उसवतेस?"

ट्रक चालवणाऱ्याला कसं सांगू? एक चाक निखळलं तर बाकीची तपासत नाही का माणूस?

बावीसच्या बावीस उसवले. दोरा दुहेरी घेतला. सगळ्यांचं इलॅस्टिक थोडं थोडं आत घेतलं, कारण सैल राहिलं की टाक्यावर ताण येतो, असा माझा हिशेब. मुंगीचं सगळ्यांत जास्त घेतलं. आता कुणी कात्री घेऊन आलं तरी सहजी सुटायचं नाही.

मुंगी दारात उभी राहून बघत होती. "सगळेच का उसवलेस?" आवाज रडवेला होता. उगी उगी म्हणून तिला जवळ घेतलं. म्हटलं, "तुझ्यामुळे नाही गं, माझ्या चुकीमुळे."

ती जास्तच रडली.

२२ जानेवारी, बुधवार

टिकलं. सगळ्यांचं टिकलं.

मुंगीला एक दटावणी द्यावी लागली. जिना उतरताना हल्ली आडवी उतरते, कठडा धरून, एकेक पायरी. अगदी मामंजींसारखी. म्हाताऱ्या माणसाची नक्कल करतेस का म्हणून रागावले. रात्री जेवलीही नाही नीट. हे वयच विचित्र.

२५ जानेवारी, शनिवार

दोन्ही बूट. दोन्हीचं इलॅस्टिक गेलं. पुन्हा मुंगीचंच.

बाई या वेळी रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्ही मनापासून करता ते दिसतंय मला," म्हणाल्या, "पण बुधवारपर्यंत बघते, नाहीतर मला दुसरं कुणी शोधावं लागेल."

येताना मुंगी म्हणाली, "आई, बाई तुला काढणार?"

"बघू."

"पण बाकीच्यांचं तर चांगलं आहे! फक्त माझंच..."

"तेच तर कळत नाही ना."

 

२७ जानेवारी, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. म्हटलं, टाके मला नीट दिसतच नसतील. डॉक्टर म्हणाले, या वयाला इतके चांगले डोळे कमी बघायला मिळतात. घ्या! डोळे चांगले म्हणजे हात गेला. हात गेला तर मग उरलं काय?

दुपारी बूट घेऊन नुसतीच बसले होते. मामंजी म्हणाले, "आण इकडे." दोऱ्याच्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला. एकदा. परत एकदा.

"सूनबाई, तुटलेला दोरा झिजतो, टोकाशी केसाळ होतो. हा बघ, गुळगुळीत. हा तुटला नाही. कापलाय."

 खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. म्हणजे माझा हात शाबूत आहे.

पण कुणी कापला?

विचार करकरून एकच नाव समोर येतंय. कुरळी. मुंगीच्या शेजारी बसून बूट घालते. बोटांना लावायची पट्टी कापायला तिच्या पिशवीत छोटी कात्री असते, मी स्वतः पाहिलीय. आणि बाई म्हणतात, वर्गात या दोघीच पुढे जातील. दोघींतली एक बसून राहिली की दुसरीचं काम सोपं.

मामंजींना बोलले. ते नुसतेच "हं" म्हणाले. मग विचारलं, "मुंगी घरात अनवाणी का फिरत नाही हल्ली?"

"थंडी आहे," म्हटलं. म्हाताऱ्या माणसाचं मन एका गोष्टीवर थांबत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

मी आज काय केलं ते क्रमानं लिहिते, नाहीतर पुढे मीच स्वतःला गोड करून सांगेन.

मुंगीला बाहेर बसवून मी आधी आत गेले. कपडे बदलायच्या खोलीत कुरळी एकटीच होती, वाकून बोटांना पट्टी गुंडाळत होती. कात्री मांडीवर. मी दार लोटून घेतलं. बारा वर्षांच्या पोरीसमोर मी दार लोटून घेतलं.

"मुंगीच्या बुटाचे टाके कुणी कापले?"

ती पांढरी पडली. म्हटलं, सापडली.

"मला सगळं माहितीये," म्हणाले. "तुझ्या आईला सांगू की बाईंना, ते तूच सांग."

"काकू, मी नाही."

"कात्री तर तुझीच आहे ना?"

"हो, पण..." ती दाराकडे बघायला लागली. "तिनं मागितली होती. मला सांगितलं, कुणाला सांगायचं नाही. मी शप्पथ घेतलीय."

"तिनं म्हणजे कुणी?"

"मुंगीनं! तिचा पाय बघा ना काकू तुम्ही! तिला बूट चढतच नाही. मागच्या वेळी मीच ओढून काढला, तेव्हा ती पिशवी तोंडात धरून ओरडली."

 कुरळी रडत होती आणि तिला गप्प करायचंही मला सुचलं नाही. बाहेर आले, मुंगीचा हात धरला. "आज वर्ग नाही," म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. पायऱ्या आडव्या उतरली. या वेळी मी रागावले नाही.

घरी तिला खुर्चीत बसवलं नि मोजे काढले. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. बोटांवर फोड, काही फुटलेले. पण ते नव्हे. दोन्ही घोट्यांच्या मागे, जिथे शीर असते तिथे, सूज आणि तिच्यावर आडवा लाल वळ. सरळ, पट्टीनं आखल्यासारखा. किती रुंद ते मोजायची मला गरज नव्हती. अडीच आठवडे मी तेवढ्या रुंदीचं इलॅस्टिक कापतेय.

मामंजी शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना दिसलं नसेल, पण त्यांनी वाकून तिच्या टाचेवर हात ठेवला आणि लगेच काढला. "पाणी गरम करतो," म्हणाले.

३० जानेवारी, गुरुवार

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत आहे. शिरेला सूज. "कशानं तरी सारखं दाबलं गेलंय," म्हणाले. "अजून महिनाभर असंच चाललं असतं तर अवघड होतं. आता दोन महिने टोकावर उभं राहायचं नाही. साधं चालू दे."

कशानं दाबलं गेलं ते मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं. मला वाटत होतं ते काहीतरी बोलतील. लोक बोलत का नाहीत?

घरी आल्यावर मुंगीच्या पायाखाली उशी दिली. म्हटलं, "ते माझ्यामुळे झालंय. मी घट्ट शिवलं. तू सांगितलंस तेव्हा ऐकलं नाही, आणि नंतर आणखी घट्ट केलं."

"माहितीये मला."

"माहितीये? मग बोलायचं नाही का गं?"

उशीच्या अभ्र्याची किनार ती मुठीत चुरगाळत राहिली. "मला वाटलं, एकदाच सुटलं तर एक दिवस बसायला मिळेल. पण तू तर सगळ्यांचे उसवलेस. मग दुसऱ्यांदा कापले तर बाई तुलाच बोलल्या. मग सांगायचं कसं ते कळेना."

"बाई बोलल्या तर बोलू देत. पाय तुझा होता ना."

"दुकान बंद झाल्यावर तू खिडकीशीच बसायचीस," ती म्हणाली. "मी शाळेतून आले तरी तुला कळायचं नाही. दप्तर मुद्दाम जोरात टाकायचे मी. आणि बूट आले तेव्हापासून दार उघडलं की तू ओरडायचीस, 'हात धू आधी! सॅटिनला लागेल!'" मग म्हणाली, "मला ते ओरडणं आवडायचं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून उभी राहिले. मामंजी आत आले, नळ बंद केला आणि म्हणाले, "पोरीनं बघितलं तर बघू दे. जा बाहेर."

गेले. दोघी रडलो. मग तिला विचारलं, खरं सांग, तुला नाचायचंय की नाही?

"नाचायचंय," म्हणाली, लगेच. "मऊ बुटांत. हे नंतर."

१ फेब्रुवारी, शनिवार

बाईंनी दिलेला कामाचा डबा आणि राहिलेलं इलॅस्टिक घेऊन गेले, परत द्यायला. मुंगी सोबत यायला हटून बसली, म्हणून रिक्षा केली.

आधी बाईंना गाठलं. "टाके सुटले नव्हते. मुंगीनं स्वतः कापले, आणि बरं केलं. मी घट्ट शिवलं होतं, तिच्या शिरेला इजा झालीय. दुसरं कुणी बघा तुम्ही."

बाई म्हणाल्या, "म्हणजे शिलाई चांगलीच होती."

"शिलाई चांगली होती. काम वाईट होतं."

"पहिल्या वर्षी सगळ्यांचंच दुखतं," त्या म्हणाल्या, पण नेहमीच्या आवाजात नव्हे.

मग उरलं होतं सगळ्यांत कठीण. कुरळी आईजवळ बाकावर बसली होती. मला बघून तिनं पिशवी छातीशी धरली. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले, म्हणजे तिला मान वर करायला नको. दहा मुली, तितक्याच आया, सगळ्या ऐकत होत्या. ऐकू देत.

"मी तुझ्यावर खोटा आळ घेतला," म्हटलं. "दार लावून तुला घाबरवलं. तू तर मुंगीला मदत करत होतीस. माझं चुकलं. तुझ्या आईचीही मी माफी मागते."

दंतवैद्यीणबाईंचा चेहरा कडक होता, तो तसाच राहिला. त्यांना सगळं घरी कळलं असणार. त्यांच्या जागी मी असते तर माझाही राहिला असता.

कुरळीनं आधी आईकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. हळूच उजवा पाय पुढे केला.

"काकू," म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "माझंपण थोडं घट्ट आहे."

दंतवैद्यीणबाई चटकन वाकल्या. मी मोजा खाली सरकवला. वळ होता. मुंगीइतका नाही, पण होता.

"कधीपासून?" तिच्या आईनं विचारलं.

"परत शिवून आले तेव्हापासून. सगळ्यांचंच आहे."

 मग कोपऱ्यातली एक, आजवर जिचा आवाजही मी ऐकला नव्हता, ती खाली बसून रिबिनी सोडायला लागली. मग तिच्या शेजारची. मोजे निघायला लागले.

मी डबा उघडला. कात्री काढली. बाईंना म्हटलं, "आज वर्ग उशिरा सुरू होईल."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बाहेर काढतात. त्या आल्या, त्या डब्यातली दुसरी कात्री उचलली, आणि ती ताठ पाठ वाकवून फरशीवर मांडी घालून बसल्या.

"दाखव," पहिल्या मुलीला म्हणाल्या. "खरं दुखतंय तिथे बोट ठेव."

दहापैकी सहा जणींना वळ होते.